कोर्दोबाची पायी फेरी: कुठे सरस, कुठे अपुरी

माद्रिदहून सुटलेली वेगवान रेल्वे पावणेदोन तासांच्या आसपास कोर्दोबाला पोहोचते आणि तिथून सेव्हिया जेमतेम पाऊण तासावर असते. या सोयीमुळे अनेक प्रवासी सकाळी उतरून मेस्कीता, म्हणजे इथली मशीद-कॅथेड्रलाची वास्तू, पाहतात आणि दुपारी पुढची गाडी पकडतात. अशा अर्ध्या दिवसात शहर समजावे म्हणून जी सेवा सर्वाधिक घेतली जाते ती म्हणजे मार्गदर्शकासह पायी फेरी. स्पेनच्या बहुतेक जुन्या शहरांत ती ‘फ्री टूर’ या नावाने मिळते. शुल्क ठरलेले नसते, शेवटी ज्याने त्याने समाधानाप्रमाणे पैसे द्यायचे असतात, आणि स्मारकांची प्रवेश तिकिटे त्यात धरलेली नसतात. इंग्रजीतून चालणाऱ्या अशाच एका फेरीचे हे परीक्षण आहे. फेरी तेंदिय्यास चौकातून निघते, जुन्या ज्यू वस्तीतून म्हणजे हुदेरियातून उतरत मेस्कीतापाशी येते आणि ग्वादाल्किविर नदीवरच्या रोमन पुलाशी संपते.

या फेरीचे मोल मार्गदर्शकावर अवलंबून असते, आणि आम्हाला लाभलेल्या मार्गदर्शक बाई त्या बाबतीत फार वरच्या दर्जाच्या होत्या. कोर्दोबातील स्मारके एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की सिनेगॉगपासून मेस्कीतापर्यंतचे अंतर पाच-सात मिनिटांत संपते. त्यामुळे पुष्कळ मार्गदर्शक मधला रस्ता मुकाट्याने कापतात आणि स्मारकासमोर पोहोचल्यावरच बोलू लागतात. आमच्या मार्गदर्शक बाईंनी नेमके उलटे केले. रस्ता कुठे वळतो, भिंत कुठे जाड होते, कोणत्या दारावरची कमान कोणत्या शतकातली, हे त्या चालता चालता दाखवत राहिल्या आणि स्मारकासमोर मोजकेच बोलल्या. पायी फेरीला काही अर्थ असेल तर तो यातच आहे, असे मला मनापासून वाटते.

हुदेरियातला भाग सर्वांत चांगला जमला आहे. आल्मोदोवारच्या दरवाजाबाहेर तटाच्या कडेने पाण्याची कुंडे आहेत आणि इब्न रुश्द व सेनेका या कोर्दोबाच्या दोन तत्त्वज्ञ सुपुत्रांचे पुतळे आहेत. दरवाजातून आत शिरले की गल्ल्या एकदम अरुंद होतात, चुन्याने रंगवलेल्या भिंती दोन्ही बाजूंनी सावली धरतात, आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या या शहरात गल्ल्या अशा का बांधल्या गेल्या याचे उत्तर अंगालाच मिळते. इथले सिनेगॉग 1315 साली बांधले गेले. मध्ययुगातली जी थोडी सिनेगॉगे स्पेनमध्ये शिल्लक आहेत त्यांत ते एक असून उरलेल्यांतली दोन प्रसिद्ध सिनेगॉगे तोलेदोत आहेत. 1492 साली ज्यूंना स्पेनमधून हाकलून दिल्यावर ही वास्तू आधी रुग्णालय झाली, मग चर्मकारांच्या संघाचे प्रार्थनास्थळ झाली, आणि चुन्याच्या थराखाली दडलेली मूळ गिलाव्यातली नक्षी व हिब्रू लेख 1884 साली पुन्हा उजेडात आले. जवळच्या लहानशा चौकात मायमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञाचा बैठा पुतळा आहे. त्याच्या पायाला हात लावण्याची रीत पर्यटकांनी इतकी पाळली आहे की तेवढाच भाग चकाकतो. इथे बहुतेक गटांना फोटोपुरते थांबवतात. आमच्या मार्गदर्शक बाईंनी मात्र, उत्तर आफ्रिकेतून आलेली अल्मोहाद राजवट सुरू झाल्यावर या घराण्याला कोर्दोबा सोडावे लागले आणि या विद्वानाचे पुढचे आयुष्य इजिप्तमध्ये गेले, हे शांतपणे सांगितले. त्या वस्तीतून चालताना निघून गेलेल्या माणसांचा उल्लेख व्हायलाच हवा, आणि तो इथे झाला याचे मला समाधान आहे.

फुलांची गल्ली म्हणून जी प्रसिद्ध आहे, ती या फेरीतून वगळली तरी चालेल. गल्ली पुढे बंद आहे, तिच्या तोंडाशी सतत गर्दी असते आणि कुंड्यांच्या चौकटीतून मेस्कीताचा मनोरा दिसतो तेवढ्यासाठी गटाचा बराच वेळ जातो. घरांच्या मधल्या फुलांनी भरलेल्या अंगणांची कोर्दोबाची परंपरा खरोखर मोठी आहे. मे महिन्यातल्या तिच्या उत्सवाला युनेस्कोने 2012 साली अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पण ती परंपरा समजून घ्यायची तर वियाना राजवाड्याची बारा अंगणे निवांतपणे पाहावीत.

मेस्कीताच्या आत या गटाला नेत नाहीत, आणि नोंदणी करताना हे ठळकपणे सांगितले जात नाही. ही सेवेतली खरी उणीव आहे. आत जाता येईल या समजुतीने आलेली काही मंडळी दारात हिरमुसली. तरीही बाहेरच्या भिंतींभोवती जी प्रदक्षिणा घडवली जाते ती मला या फेरीतली सर्वांत मोलाची वाटते. पहिला अब्द अल-रहमान याने 785 च्या सुमारास सुरू केलेली ही मशीद पुढच्या दोन शतकांत वाढत गेली. आधीची वाढ दक्षिणेला नदीच्या दिशेने झाली. दहाव्या शतकाच्या अखेरीस अल्मन्सूरने शेवटचा विस्तार केला तेव्हा नदीकडे जागा उरली नव्हती, म्हणून त्याने पूर्वेला वाढ केली आणि त्यामुळे मिहराब, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणारा कोनाडा, वास्तूच्या मध्यावर राहिला नाही. पश्चिमेच्या भिंतीवरचा सान एस्तेबानचा दरवाजा सर्वांत जुना, त्याच्यावर नवव्या शतकातला लेख आहे. त्याच्याकडून निघून वळसा घालत पूर्वेच्या भिंतीपर्यंत आलात, की दोनशे वर्षांची बांधकामे क्रमाने डोळ्यांसमोरून जातात. यासाठी तिकीट लागत नाही.

संत्र्यांच्या झाडांच्या अंगणात मात्र गट फार थोडा वेळ थांबतो, आणि हे मला पटले नाही. या झाडांच्या रांगा आतल्या खांबांच्या रांगांना धरून आहेत. पूर्वी अंगणाकडची बाजू कमानींनी खुली होती, त्यामुळे बाहेरच्या झाडांतून आतल्या खांबांत नजर अडथळ्यावाचून जात असे. आज त्या कमानींपैकी बहुतेक बुजवलेल्या आहेत, तरी उभे राहून पाहिले तर मूळ कल्पना कळते. आत 856 खांब आहेत. त्यांतले जुने खांब रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले, म्हणजे बेताच्या उंचीचे. छत उंच न्यायचे तर त्यांच्यावर आणखी आधार चढवणे भाग होते, आणि त्या गरजेतून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी जन्माला आल्या. हे अंगणात उभे राहून सांगितले असते तर आत स्वतंत्रपणे जाणाऱ्याला मोठा उपयोग झाला असता. 1236 साली तिसऱ्या फर्नांदोने शहर जिंकल्यावर मशिदीचे चर्च झाले आणि 1523 पासून तिच्या मध्यावर भव्य कॅथेड्रल उभारले गेले, हा इतिहास मात्र दोन्ही बाजूंचा मान राखून सांगितला गेला.

माझा सर्वांत मोठा आक्षेप फेरीच्या क्रमाला आहे. ती पुलापाशी संपते. ती पुलापासून सुरू व्हायला हवी. नदीच्या दक्षिण तीरावर कालाओर्रा बुरूज आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहिले की समोर सोळा कमानींचा पूल, पलीकडे सोळाव्या शतकातला दरवाजा, त्यामागे मेस्कीताची लांबच लांब भिंत आणि त्या भिंतीच्या मधोमध वर आलेले कॅथेड्रल, असे सारे शहर एका नजरेत सामावते. पुलाची स्थापना रोमन काळातली असली तरी आजचे बरेचसे बांधकाम नंतरच्या दुरुस्त्यांतले आहे, आणि 2004 पासून त्यावर वाहने जात नसल्याने चालणाऱ्याला घाई करावी लागत नाही. या पुलावरून शहरात शिरणारा माणूस पुढची प्रत्येक गल्ली या चित्रात कुठे बसते हे ओळखत जातो. तेंदिय्यासहून निघालेल्याला मात्र हुदेरियात दिशाच कळत नाही, आणि फेरी संपताना, पाय थकलेले असताना, त्याला हे दृश्य पाहायला मिळते. म्हणून ही फेरी घेणाऱ्यांनी सकाळी थोडे आधी निघून पूल स्वतंत्रपणे चालून यावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

दुसरी उणीव पूर्वेकडच्या भागाची. मेस्कीतापासून दहा मिनिटांच्या आत पोत्रो चौक लागतो, जिथल्या सोळाव्या शतकातल्या कारंज्यावर शिंगराची लहानशी मूर्ती आहे. तिथून थोडे पुढे सतराव्या शतकातला कोर्रेदेरा हा चारही बाजूंनी कमानींनी वेढलेला मोठा चौक आहे, आणि त्याच्या वरच्या अंगाला क्लाउदिओ मार्सेलो रस्त्यावर रोमन मंदिराचे खांब उभे आहेत. कोर्रेदेराखाली सापडलेली रोमन मोझेइक आज अल्कासार या जुन्या राजवाडा-किल्ल्याच्या दालनात भिंतींवर लावलेली आहेत. चौक आणि मोझेइक ही दोन्ही एकाच दिवशी पाहिली, तर मुस्लिम राजवटीच्या आधीचे कोर्दोबा किती मोठे होते याची कल्पना येते. या भागात दुकानदारी कमी आणि राहते लोक जास्त आहेत. फेरीत त्याचा साधा उल्लेखही होत नाही. निदान शेवटी नकाशावर वाट दाखवली असती तरी पुरे होते.

ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. हुदेरियातल्या बऱ्याच गल्ल्यांत गोट्यांची फरसबंदी आहे, पातळ तळव्याच्या चपलांनी ती टोचते आणि चाकांची खुर्ची नेणे जिकिरीचे होते. अडीच तासांत बसण्याच्या जागा मोजक्याच येतात, तेव्हा गुडघेदुखी असलेल्यांनी हुदेरियापुरते गटासोबत राहून पुढे आपल्या गतीने चालावे. जून ते ऑगस्ट या काळात दुपारची फेरी घेऊच नये. सकाळची पहिली किंवा संध्याकाळची घ्यावी. रविवार वगळता मेस्कीतात सकाळी साडेआठ ते साडेनऊ विनामूल्य प्रवेश देण्याची पद्धत आहे. ती आपल्या तारखेला लागू आहे का हे अधिकृत संकेतस्थळावर पाहून आधी आत जाऊन यावे आणि मग फेरीत सामील व्हावे, म्हणजे प्रदक्षिणेतले बोलणे नीट उमगते. सोमवारी सिनेगॉग आणि अल्कासार बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी या दोन्ही वास्तू बाहेरूनच पाहाव्या लागतात. शक्य असेल तर मंगळवार ते शनिवार यांतला दिवस निवडावा.