१८ बाय २४ ची ताडपत्री, पुरापासून आजपर्यंत वापरलेली

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो रिंगांसाठी, खाली सांगतो.

घेतली ऑगस्ट २०१९ ला, निपाणीत जुन्या पीबी रोडच्या एका दुकानातनं. वेदगंगेचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात कमरेएवढं आलं, मागची भिंत बसली, तिच्याबरोबर निम्मी कौलं खाली. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी, त्यामुळं कोल्हापूरही बंद आणि सगळंच बंद. आम्ही आठ दिवस शाळेत गंजी केंद्रात, म्हणजे सरकारी पूरछावणीत, होतो, घरी आलो तर वर आभाळ. रस्ता चालू झाला त्या दिवशी पहिलं काम म्हणजे ताडपत्री, आणि निपाणीतली अर्धी गिऱ्हाईकं त्याच कामाला आलेली, त्यात तंबाखूवाल्यांची नेहमीची गर्दी वेगळी.

दुकानदारानं २५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम, म्हणून घडी काढली. आबांनी सांगून पाठवलं होतं की छापलेल्या आकड्यावर जाऊ नको, वजन करून घे. हिशोब सोपा हाय, १८ बाय २४ फूट म्हणजे ४० चौरस मीटर, २५० ग्रॅमनं १० किलो भरली पायजे. मी तसं म्हटल्यावर माणूस जरा पण रागावला नाही, "बघा की मालक, काट्यावर बघा," म्हणत स्वतःच घडी उचलून ठेवली. नऊ किलो आठशे. शेजारच्या दुकानात त्याच आकड्याची घडी साडेसात भरली होती, त्यामुळं हे दुकान मला पटलं. भाव २१०० लावला, पुराच्या आठवड्यात दुप्पट लावला असता तरी घेतली असती आम्ही, खरं लावला नाही. त्याबद्दल अर्धा स्टार जादा द्यायची सोय असती तर दिला असता.

आता रिंगा. कडेच्या रिंगा ॲल्युमिनिअमच्या, तीन-तीन फुटांवर. दुसऱ्याच वाऱ्यात कोपऱ्यातली एक निसटली आणि कापड फाडतच गेली. कडेत दोरी घातलेली हाय म्हणून तेवढ्यावरच थांबलं. घेताना कोपऱ्याला डबल कापड बघून घ्या. आणि फाटली तर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावत बसू नका, ह्या प्लॅस्टिकला ते धरतच नाही. तुकडा ठेवून वर पेपर टाकायचा आणि कोमट इस्त्री फिरवायची. आईनं शोधलेलं हाय हे, माझं काय नाही त्यात.

त्याआधी गंजी केंद्रात एका संस्थेनं वाटलेली निळी ताडपत्री होती आमच्याकडं, १२ बाय १५ ची, इतकी पातळ की उन्हाला धरली तर पलीकडचा माणूस ओळखू यावा. नाव घेत नाही, आणली हेच लई. खरं तिच्यावरनंच मला नाद लागला की जगात पूर-भूकंप झाला की ही ताडपत्री येते कुठनं आणि ठरवतं कोण. तर रेड क्रॉस आणि युनोच्या निर्वासितांच्या संस्थेचं माप ठरलेलं हाय, ४ बाय ६ मीटर, मधनं जाड पट्टे विणलेले, म्हणजे ओढ रिंगेवर न येता पट्ट्यावर येते. एका माणसाला निदान साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा असा पण एक जागतिक नियम हाय. आमच्या १२ बाय १५ खाली पाच माणसं आणि एक शेळी होती, मोजा आता.

माझा मावसभाऊ बेळगावातच इंजिनिअरिंग करून फ्लोरिडाला गेलाय. २०१७ च्या सप्टेंबरात तिथं इर्मा वादळ आलं, त्याच्या छपराचा एक कोपरा उडाला. तर मिलिटरीची इंजिनिअर माणसं लावलेली सरकारनं, लोकांच्या छपरावर निळी ताडपत्री फुकट ठोकून द्यायला, 'ऑपरेशन ब्लू रूफ' नाव त्याला. फोटो पाठवला होता त्यानं. मी म्हटलं अरे ही तर आपलीच निळी! चार महिन्यात विमा कंपनीचे पैसे आले, नवीन छप्पर झालं, ताडपत्री कचऱ्यात. कचऱ्यात टाकली हे ऐकून आईला झोप लागली नाही.

आणि इर्मानंतर दहा दिवसांनी मारिया वादळ पोर्तो रिकोवर गेलं. ते पण अमेरिकेचंच, माणसं अमेरिकेचीच नागरिक, फक्त बेट गरीब आणि प्रेसिडेंटच्या इलेक्शनला तिथनं मत नाही. तीच ताडपत्री तिथं पण ठोकली, साठ हजाराच्या आसपास घरांवर, आणि दोन वर्षांनीही हजारो घरांवर ती तशीच होती, उन्हानं चिरलेली. वादळानंतरच्या पहिल्या ९ दिवसांत टेक्सासच्या हार्वे वादळवाल्यांना आणि फ्लोरिडाच्या इर्मावाल्यांना सरकारी मदत मंजूर झाली प्रत्येकी १० कोटी डॉलरच्या आसपास, पोर्तो रिकोच्या लोकांना ६० लाखांच्या जरा वर. एकाच देशात, महिन्याभराच्या आत. पोर्तो रिकोतल्या मरणाचा सरकारी आकडा पहिल्यांदा ६४ सांगितला, मग वर्षानं २,९७५ केला.

म्हणून मी आता कुठल्या देशात काय झालं म्हणून बातमी आली की रिश्टर-बिश्टर बघत नाही, ताडपत्री किती दिवस राहिली ते बघतो. हैतीत जानेवारी २०१० ला ७ चा भूकंप, १५ लाख माणसं ताडपत्रीखाली, आणि तीन वर्षांनी पण साडेतीन लाखाच्या आसपास तिथंच. सगळ्या जगानं कोट्यवधी डॉलर जाहीर केले होते हां, खरं सुरुवातीच्या तातडीच्या मदतीतला हैती सरकारच्या हातात आला तो शंभरात एकाच्या आसपास, बाकी बहुतेक बाहेरच्या संस्था आणि कंत्राटदारांतनं फिरला. त्याच्या दीड महिन्यानं चिलीला ८.८ चा, म्हणजे कैकशे पट ताकदीचा, आणि तिथं माणसं गेली पाचशेच्या आसपास. हैतीचा आकडा लाखात हाय, नक्की किती लाख ह्यावर अजून भांडतायत. चिलीनं आधीच घरं नियमानं बांधलेली आणि नियम पाळायला लावायला पैसा लागतो, एवढंच.

मदत पण गरजेच्या मापानं येत नाही. २००४ च्या त्सुनामीत पूरग्रस्त, माफ करा त्सुनामीग्रस्त, माणशी ७,१०० डॉलर जमले, टीव्हीवर दिवसभर दाखवलं, गोरे टुरिस्ट पण गेले होते त्यात. त्याच वर्षी बांगलादेशात मोठा पूर, तिथं माणशी ३ डॉलर खर्च झाले. तीन. आणि ह्याच बांगलादेशनं पुढच्या वर्षी कॅटरिना वादळाच्या वेळी अमेरिकेला १० लाख डॉलर देऊ केले, ते वाचून मला आमच्या वाड्यावरची म्हातारी आठवली, स्वतःचं घर पडलेलं आणि गंजी केंद्रात दुसऱ्याच्या पोरांना बिस्किटं वाटत होती.

आमचंच २०१९ घ्या. मार्चला मोझांबिकवर इडाई वादळ, शहरंच्या शहरं पाण्यात, त्यांना आयएमएफनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं, दिलं काय तर जवळजवळ १२ कोटी डॉलरचं कर्ज. बिनव्याजी हाय, मान्य, खरं घर वाहून गेल्यावर वर कर्ज. एप्रिलला पॅरिसचं नोत्र दाम चर्च जळालं आणि चार-दोन दिवसांत ८० कोटी युरोच्या वर देणग्या जाहीर. एकाही माणसाचा जीव गेला नव्हता तिथं. चर्च सुंदर असंल, मी काय नाही म्हणत नाही.

ऑगस्टला आम्ही. बाहेरच्या देशांची मदत घ्यायची नाही हे आपल्या सरकारचं धोरण २००४ पासनंच, आम्ही आता देणारे म्हणून. अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू, २०११ ला आपली एनडीआरएफची ४६ माणसं जपानला गेली होती त्सुनामीनंतर. खरं मग आपल्या घरात तरी मापानं मिळावं ना. आमच्या कर्नाटक राज्यानं ३५ हजार कोटींच्या वर नुकसान सांगितलं, ऑक्टोबरात केंद्रातनं पहिले आले १,२०० कोटी. आणि सीमाभागाचं तर अजून वेगळंच, पुण्या-मुंबईचे ट्रक कोल्हापूर-सांगलीला थांबायचे, कॅमेरे पण तिथंच, आणि बेंगळूरचे धारवाडच्या पुढं यायला कंटाळायचे. नदी दोन्हीकडनं वाहते हो, वेदगंगेला बॉर्डर कुठं ठाऊक हाय.

पूर्ण पडलेल्या घराला राज्यानं पाच लाख जाहीर केले होते. आमच्या पंचनाम्यात पडवी धरली आणि स्वयंपाकघर राहिलं, मग खालची कॅटेगरी, मग अर्ज, मग परत फोटो. तेवढ्यात जुलै २०२१ ला पाणी परत आलं. ही ताडपत्री त्या स्वयंपाकघरावर दोन वर्षं चार महिने होती, म्हणजे फ्लोरिडाच्या सातपट आणि पोर्तो रिकोच्या बरोबरीनं. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर वरचा पापुद्रा सुटायला लागला, रंग उडाला, घडीवर चिरा पडल्या. गळली फक्त दोन ठिकाणी. ह्या किमतीत ह्यापेक्षा जास्त काय मागणार.

आता वर पत्रा आलाय. ताडपत्री आईनं निम्मी कापून शेणी झाकायला घेतली, उरलेली सोयाबीन पडलं की खळ्यावर जाते. मावसभाऊ दिवाळीला आला होता, तिच्यावरच बसून चहा प्यायला आणि म्हणाला अरे ही अजून हाय होय तुमच्यात? आई म्हणाली, तू तुझी टाकलीस ती पाठवून दिली असतीस तर हिला जरा विसावा मिळाला असता.

घ्यायची असंल तर मेच्या आत घ्या, पाऊस लागला की २५० च्या घड्या संपतात आणि पातळ माल पुढं येतो. काट्यावर घातल्याशिवाय पैसे देऊ नका.