ग्रुपमधलाच आहे, मग काय!

घटस्फोटानंतर विवाहमंडळाच्या वेबसाइटवर नाव घालायचा मला कंटाळा होता. पत्रिका, पगार, "मूल कोणाकडे असतं?" हे सगळं पुन्हा कोण सांगत बसणार? त्यापेक्षा डोंगरात माणसं खरी भेटतात, असं माझं ठाम मत होतं. चढावर धापा टाकणारा माणूस किती वेळ नाटक करणार? बराच वेळ करतो. हे कळायला मला १ लाख ८५ हजार रुपये पडले.

आमचा ग्रुप पुण्याचा. रविवारी पहाटे सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेनं वर, पिठलं-भाकरी, मटक्यातलं दही, दुपारी घरी. अधूनमधून मोठा ट्रेक. तो मला भेटला मेअखेरीस, राजमाचीच्या काजव्यांच्या ट्रेकला. उधेवाडीत जेवणं झाल्यावर बाकीचे फोटो काढत होते आणि हा टॉर्च तोंडात धरून वेफर्सची रिकामी पाकिटं गोळा करून स्वतःच्या सॅकमध्ये भरत होता. दुसऱ्याचा कचरा उचलणारा माणूस वाईट असूच शकत नाही, असं मला वाटलं. आता हसू येतं, पण तेव्हा खरंच वाटलं होतं.

मग फोन, चहा, दोन-तीन सिनेमे. लग्नाचा विषय त्यानंच काढला, माझ्या मुलीचं नाव घेऊन. पैशांचा विषयही त्यानंच काढला, पण फार सावकाश. आधी टेम्पो ट्रॅव्हलरच्या वर्गणीचे ३ हजार. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच परत. मग १२ हजार. तेही कबूल केलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी. उसने दिलेले पैसे परत मागायची वेळ माझ्यावर येऊ दिली नाही, याचंच मला कौतुक.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी रात्री फोन आला. आई नाशिकला आयसीयूत, विम्याची मंजुरी सोमवारशिवाय येणार नाही, डिपॉझिट आत्ता हवं. यूपीआयवर दिवसाला लाखाची मर्यादा, म्हणून १ लाख त्या रात्री आणि ८५ हजार शनिवारी रात्री पाठवले. पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. मी विचारलं. "मामेभावाचं खातं आहे, माझं कार्ड ब्लॉक झालंय." तिथेच थांबायला हवं होतं. आजारी आईसमोर नावाची चौकशी करणं मला हलकटपणाचं वाटलं. नाशिकला येते म्हटलं, तर म्हणाला, "आत्ता नको, आईला तू अशा अवस्थेत बघू नयेस."

मंगळवारपासून फोन बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं मेसेज चोवीस तासांत आपोआप पुसले जाण्याची सोय जूनमध्येच लावून ठेवली होती. "मुलीच्या हातात फोन असतो ना तुझा," असं म्हणून. माझ्याकडे उरले फक्त बँकेचे दोन व्यवहार. लाज वाटून मी अकरा दिवस गप्प बसले आणि मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. पैसे खात्यात शिल्लक असतील तरच बँक ते गोठवू शकते. ते केव्हाच पुढे गेले होते. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "स्वतःच्या हातानं दिलेत ना मॅडम?" उसने बुडवणं वेगळं आणि फसवणूक वेगळी, पहिल्यापासूनच बुडवायचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. आणि हेतूचे सगळे मेसेज तर पुसलेले.

ग्रुपमध्ये विचारलं, हा कोणाच्या ओळखीनं आला? अ‍ॅडमिनला वाटत होतं, टेम्पो ठरवणाऱ्याचा मित्र. त्याला वाटत होतं, अ‍ॅडमिनच्या ऑफिसातला. मला वाटत होतं, हे सगळे त्याला वर्षानुवर्षं ओळखतात. प्रत्यक्षात तो माझ्या तीन आठवडे आधी, लिंकवरून आला होता. "तुमचा खासगी व्यवहार आहे, ग्रुपवर नको," असं म्हणून अ‍ॅडमिननं माझा मेसेज उडवला.

ट्रेकच्या फॉर्मवर मात्र अडचणीच्या वेळी कळवायचा नंबर असतो. तो मी भांडून मिळवला. त्यानं 'आई' म्हणून लिहिलेला. लावला, तर सांगलीकडच्या एका गॅरेजवाल्यानं उचलला. मी नाव सांगताच तो थकल्यासारखा म्हणाला, "ताई, याच्यासाठी फोन करणाऱ्या तुम्ही तिसऱ्या."

त्या दोघींचे नंबर त्याच्याकडे होते. आता तिघींची तक्रार एकत्र दिली आहे.