मस्टँगचं नवं क्राऊन-पिनियन: रनिंग आणि पावसाळ्यानंतरचा अनुभव

एप्रिलच्या शेवटी मस्टँग जीटीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरचा डबा) ३.७३ रेशोचं नवं क्राऊन-पिनियन, म्हणजे त्यातली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी, बसवलं. आता दिवाळी उरकली, अख्खा पावसाळा गाडी चालवून झाली, तेव्हा लिहायला हरकत नाही. पिकअपबद्दल फार बोलण्यासारखं नाही. छोट्या पिनियनला ११ दात, मोठ्या क्राऊनला ४१, मूळ रेशोपेक्षा आखूड, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिन जास्त फिरतं. गाडी आधीपेक्षा जोरात उचलणारच. ताम्हिणीच्या चढावर पूर्वी गिअरबॉक्स दोन-दोन गिअर खाली यायचा, आता बहुतेकदा एकात भागतं. मायलेज थोडं पडलं, पण पाच लिटरच्या व्ही-एटचं मायलेज विचारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

जो तो विचारतो ते रनिंगचं, म्हणजे नवे गिअर सुरुवातीला जपून चालवून बसू देण्याचं. "किती किलोमीटर केलंस?" गिअर बनवणारे साधारण ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर सांगतात, आणि तो आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच कागदावर आणखी एक ओळ असते, ती सहसा कुणी वाचत नाही: पहिल्या फेऱ्या छोट्या, हलक्या पायाने, आणि फेरीनंतर डिफरन्शियल पूर्ण गार होऊ द्या. माझ्या मते खरं रनिंग त्या गार होण्यात आहे. ८०० किलोमीटर तर गाडी कशीही पळवली तरी होतात.

हे गिअर हायपॉइड असतात. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात दातावर नुसता लोळत नाही, लांबीभर घासतही जातो. नव्या दातांवर मशीनिंगचे बारीक उंचवटे असतात. ते दबून गुळगुळीत होईपर्यंत उष्णता नेहमीपेक्षा जास्त निघते. नेमकं तेव्हाच जोर दिला तर दाताच्या पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. लगेच काही कळत नाही, पण तो सेट पुढे कधीतरी ओरडायला लागतोच, मग त्यात कितीही भारी ऑइल ओता. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅगला जायचंय म्हणून आठवडाभर आधी गिअर बदलणारे हौशी आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना माझ्याकडून फक्त शुभेच्छा.

मित्रमंडळींचा ठरलेला सल्ला: "एक्स्प्रेसवेला सोड, खालापूरला वडापाव खा, परत ये, झालं रनिंग." नव्या गिअरला याहून वाईट काही नाही. एकाच वेगात, एकाच लोडवर तासभर चालवलं की उष्णता साठत जाते आणि दात एकाच बाजूने घासतात. मी पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघायचो. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट करत पौड, तिथे गाडी बंद. वेग चाळीस ते ऐंशीच्या मध्ये, पण सतत बदलता. हलकं अ‍ॅक्सिलरेटर, मग पाय सोडून गाडी आपोआप मंदावू द्यायची, म्हणजे दाताच्या दोन्ही बाजूंना काम मिळतं. पहाटेच निघायचं कारण भूगाव. उजाडल्यावर तिथे जी रांग लागते त्यात रनिंग होत नाही, फक्त क्लायमेट कंट्रोलची परीक्षा होते.

गार होणं म्हणजे सायलेन्सरला हात लावून बघणं नव्हे. डिफरन्शियलचं घर जाड, उष्णता धरून ठेवतं; मे महिन्यात तास-दीड तास सहज जातो. मी टेम्परेचर गन ठेवली होती. सुरुवातीच्या फेऱ्यांत मागच्या कव्हरवर पंच्याऐंशीच्या आसपास आकडा यायचा. आता त्याच रस्त्यावर, तशाच चालवण्याला साठ-पासष्ट येतो. यातले काही अंश हवेतल्या गारव्याचे आहेत, सगळं श्रेय रनिंगला देता येणार नाही. पण हवा काही वीस अंशांनी उतरलेली नाही.

आता बसवण्याबद्दल, कारण माझ्या मते अर्ध्याहून जास्त निकाल तिथेच लागतो. काम भोसरीतल्या एका मिस्त्रींकडे केलं. साठीच्या पुढचे, आयुष्य ट्रकच्या हाऊसिंगमध्ये गेलेलं. त्यांनी आधी क्राऊनवर डायल गेज लावून प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, बघितला, तोही एका ठिकाणी नाही, क्राऊन फिरवत फिरवत चार-पाच ठिकाणी. ०.२० मिलिमीटरच्या आसपास आला. मग दातांवर पिवळी पेस्ट ब्रशने लावली, क्राऊनला फडकं गुंडाळून एका हाताने ओढून धरलं आणि दुसऱ्या हाताने पानं लावून पिनियन फिरवला. पेस्ट पुसली जाऊन उमटलेला ठसा दाताच्या टोकाकडे झुकलेला. मिस्त्री काही बोलले नाहीत. सगळं परत उघडलं, पिनियनखालची शिम (पातळ चकती) बदलली, पुन्हा बेअरिंग, पुन्हा पेस्ट. दुपारपर्यंत हेच. शेवटी ठसा दाताच्या मधोमध, थोडा लांबट आला, तेव्हा मला बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवला. मी विचारलं, थोडा आवाज राहिला तर रनिंगमध्ये जाईल ना? म्हणाले, "साहेब, आज जो आवाज आहे तो उद्यापण राहणार. गिअर रस्ता नाही बसवत, आम्ही बसवतो."

हे वाक्य पुढे पुरेपूर पटलं. पहिल्या दिवसापासून सत्तर-पंचाहत्तरच्या वेगात पाय सोडला की मागून बारीकसा 'घूंऽऽ' येतो. अ‍ॅक्सिलरेटरवर अजिबात नाही, फक्त सोडल्यावर. रनिंगनंतर तो किंचित मऊ झाला असं मला वाटतं, बायकोला वाटत नाही. मात्र तो वाढलेला नाही, आणि लक्ष ठेवायचं ते यावरच. आवाज वाढत गेला किंवा ओढतानाही यायला लागला, तर गाडी घरी न नेता सरळ गॅरेजला न्यावी.

त्याच वेळी एलएसडीच्या, म्हणजे एकच चाक फुकट फिरू न देणाऱ्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलच्या, क्लच प्लेटही नव्या टाकल्या. त्यांचं रनिंग वेगळं. चाकणला एका मित्राच्या कंपनीच्या आवारात रविवारी सकाळी आठ काढले, आरटीओत लायसन्सला काढायला लावतात तसेच, फक्त मोठे आणि संथ. वळताना मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात, प्लेट एकमेकींवर घासतात आणि ऑइल सगळीकडे पोचतं. सुरुवातीला पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना मागून 'गुर्र गुर्र' असा थरथराट यायचा. आठ काढल्यावर बराच गेला, ऑइल बदलल्यावर उरलेला गेला. ऑइल म्हणजे गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं हायपॉइड गिअर ऑइल आणि त्यात फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेट अडकत-सुटत न घासता सरकाव्यात म्हणून घालायचं मिश्रण. प्लेटवाला एलएसडी असेल तर मॉडिफायरवर पैसे वाचवू नका. पावसात पहिल्यांदा ओल्या वळणावर गाडी बाहेर काढली तेव्हा दोन्ही चाकांची पकड एकसारखी, झटका न देता आली. गाडी घेतल्यापासून मागून इतकी शहाणी ती कधीच वागली नव्हती.

८०० किलोमीटरला ऑइल काढलं. वास तर विचारूच नका. या ऑइलातल्या गंधकाचा वास साबणाने जात नाही, दुसऱ्या दिवशी पोळीलाही येतो. ऑइल राखाडी, उजेडात धरलं की चमचम. आतल्या मॅग्नेटवर करड्या रंगाचा लगदा, लोण्यासारखा मऊ. तो बोटांत चोळून बघायचा. पिठासारखा लागला तर ठीक, ती नव्या दातांची झीज. टोचलं, किंवा नखाएवढी चकती सापडली, तर काम बिघडलंय. माझ्याकडे पिठासारखाच होता. गणपतीनंतर पुन्हा बघितलं तर मॅग्नेटवर फक्त काळसर पातळ थर. ऑइल बदलणं टाळायचं नाही. ज्या झिजेसाठी एवढी खटपट केली तीच ऑइलात फिरत राहिली तर बेअरिंग खाणार.

एक राहिलं: रेशो बदलला की नवा आकडा गाडीच्या कंप्युटरमध्ये भरून घ्यायचा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर नक्कीच. आणि भाग परदेशातूनच मागवायचे असल्याने यादी करताना क्रश स्लीव्ह (पिनियनवर बसणारी चेपणारी नळी) दोन लिहा. पिनियनचा नट घट्ट करताना ती ठरावीक दाबाने चेपते. जरा जास्त चेपली की परत सैल करून चालत नाही, नवीच लागते. माझी दुसरी स्लीव्ह वापरावी लागली. ती नसती तर गाडी पार्सल येईपर्यंत भोसरीतच जॅकवर उभी राहिली असती.