काळा, निळा की पांढरा? रीफ टँकच्या मागच्या काचेचा रंग ठरवताना

रीफ टँक म्हणजे प्रवाळं आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्या मागच्या काचेच्या रंगाचा निर्णय टाकी कोरडी असतानाच घ्यावा लागतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण २५० लिटर पाणी बसतं. त्यात दगड, वाळू आणि काचेचं वजन आलं की भरलेली टाकी भिंतीपासून बोटभरही सरकत नाही. माझ्या पहिल्या टाकीच्या मागे मी समुद्राचं छापील चित्र चिकटवलं होतं. पहिल्याच मे महिन्यात कूलरच्या दमट हवेनं त्याला पोपडे आले, वरून ओघळलेलं खारं पाणी आत शिरलं आणि चित्रभर मिठाचे डाग पडले. मागे हात जायला जागा नव्हती. पुढची दोन वर्षं मी ते डाग बघत काढली.

काळा रंग काय देतो ते रात्री आठनंतर कळतं. पांढरे दिवे मंदावून निळे उरले की प्रवाळांमधली प्रथिनं तो निळा प्रकाश शोषतात आणि हिरवा, केशरी प्रकाश बाहेर टाकतात. मागे काळोख असला तर तो उजेड निखाऱ्यासारखा उठतो. दगडी प्रवाळांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे मी झोआंथिड आणि मशरूम ही मऊ प्रवाळंच ठेवतो. त्यांची सगळी शोभा या रात्रीच्या चमकण्यात आहे. शिवाय वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), ओव्हरफ्लोचा बॉक्स (वरचं पाणी बाहेर घेणारा), वायरी हे सगळं बहुधा काळंच असतं, ते मागच्या काळ्यात विरून जातं आणि नजर प्रवाळांवरच राहते.

काळ्याचे तोटेही आहेत. काचेवरचा चुन्याचा कण, मिठाचा ओघळ, ओरखडा, सगळं पांढरं होऊन डोळ्यात भरतं. काळी क्लाउनफिश असेल तर तिचे पांढरे पट्टेच तेवढे पोहताना दिसतात. मोबाइलवर फोटो काढताना कॅमेरा मागच्या अंधाराला भुलून सगळं जास्त उजळ करतो आणि प्रवाळांचे रंग फिके पडतात. स्क्रीनवर प्रवाळावर बोट ठेवून उजेड कमी केला की फोटो नीट येतो.

निळा रंग दिवसाचा. समुद्रात खोल जाताना पाणी आधी लाल प्रकाश गिळतं, निळा सर्वांत दूरवर पोचतो. म्हणून मागे निळं असलं की टाकी भिंतीपाशी संपत नाही, पलीकडे आणखी पाणी आहे असं वाटतं. केशरी क्लाउनफिश आणि पिवळा टँग यांच्यासाठी याहून चांगली पाठ नाही. पण निळी डॅमसेल किंवा निळा हिपॅटस टँग हवा असेल तर विचार करा. ज्या माशासाठी एवढा खर्च केला तोच दिसेनासा होतो.

निळ्यात फसगत होते ती छटेची. दुकानात ट्यूबलाइटखाली गडद, शांत वाटणारा निळा घरी निळ्या एलईडीखाली चक्क पेटल्यासारखा दिसतो, कारण तो नेमका तोच प्रकाश परतवतो. मग प्रवाळांची चमक त्याच्यापुढे मार खाते. निळाच हवा असेल तर मनात असलेल्या छटेपेक्षा दोन पायऱ्या गडद घ्या, नेव्ही ब्लूच्या जवळचा.

पांढरा मला एकाच ठिकाणी पटतो: छोटी टाकी आणि तिच्यात काळ्या क्लाउनफिशची जोडी. एरवी निळ्या दिव्याखाली अख्खी पाठच निळी होते, आणि तपकिरी शेवाळाचा पहिला थरही लपत नाही. बरेच मासे फिक्या पार्श्वभूमीवर स्वतःचा रंगही फिका करतात. हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये टाकी उभी असेल, दोन्हीकडून बघायची असेल, तर काच मोकळीच ठेवा.

रंग कोणताही असो, तो काचेला घट्ट चिकटलेला हवा. कागद नुसता मागे टेकवला तर मध्ये हवेचा थर राहतो. मग पाण्यातून तिरकं बघताना मागची काच आरशासारखी होते, रंग दिसतच नाही, आणि तापट मासे त्यातल्या प्रतिबिंबाशी भांडत बसतात. गाड्यांच्या नंबरप्लेटचं काम करणाऱ्या रेडियमवाल्याकडून मॅट रेडियम आणा, साबणाच्या पाण्यावर पसरा आणि जुन्या एटीएम कार्डानं बुडबुडे बाहेर काढा. रंगच द्यायचा तर फक्त बाहेरून, रोलरनं, एक हात आडवा आणि एक उभा.

आमच्या नागपुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते. टाकीची पाठ पश्चिमेच्या खिडकीकडे असेल तर काळं रेडियम उन्हात तापतं आणि ती उष्णता थेट काचेला देतं. आत २५-२६ अंश हवेत आणि बाहेर ४५. पाणी थंड ठेवणारा चिलर आधीच दमलेला असतो. आधी टाकीची जागा बदलून बघा. ते जमतच नसेल तर काळ्याच्या मागे बाहेरच्या बाजूनं पांढरा थर्माकोल लावा.

मागची काच तुम्ही खरवडणार आहात का, हेही आधीच ठरवा. कॅल्शियम आणि क्षारता नीट राखलेल्या टाकीत मागच्या काचेवर जांभळट-गुलाबी कोरलाइन शेवाळ चढतं. ते वाढू दिलं तर वर्ष-दीड वर्षात खालचा रंग बराचसा झाकला जातो. तसं करणार असाल तर रंगावर फार पैसे घालू नका. मी मात्र दर आठवड्याला खरवडतो, मला मागचा काळोख हवा असतो.

माझं मत काळ्याच्या बाजूनं आहे, कारण आमच्या घरी टाकीसमोर सगळे बसतात ते रात्रीच्या जेवणानंतर. तुमच्याकडे आजी-आजोबा आणि मुलं दिवसभर मासे बघणार असतील तर गडद निळा घ्या. तरीही मन ठरत नसेल तर काळा, नेव्ही ब्लू आणि पांढरा असे तीन चार्ट पेपर आणा, कोरड्या टाकीच्या मागे एकेक लावा, आणि रात्री निळा दिवा लावून रोजच्या सोफ्यावरून दोन-दोन दिवस बघा. मगच रेडियमवाल्याला माप द्या.