घुसखोरी पकडणारी प्रणाली तपासायला कोणता डेटासेट घ्यावा? काही महिन्यांच्या वापरानंतर

नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणारी प्रणाली तपासायची म्हटलं की आजही बरेच जण आधी केडीडी कप ९९ हा डेटासेट (तपासणीसाठी तयार केलेल्या नोंदींचा संच) सुचवतात. गेले काही महिने मी नियमांवर चालणारी सुरिकाटा ही घुसखोरी ओळखणारी प्रणाली आणि एक मशीन लर्निंगचं मॉडेल अशा दोन्ही गोष्टी निरनिराळ्या डेटासेटवर चालवून बघतोय. माझ्या मते केडीडीवर आता निकाल जाहीर करूच नयेत. त्यातली रहदारी (नेटवर्कवरची डेटाची ये-जा) १९९८ सालची आहे, तीही एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये मुद्दाम तयार केलेली. २००९ मध्ये तपासलं तेव्हा प्रशिक्षणाच्या भागातल्या सुमारे ७८ टक्के नोंदी दुबार निघाल्या. एनएसएल-केडीडी या त्याच्या सुधारित आवृत्तीत दुबार नोंदी काढल्या आहेत, पण हल्ले तेच जुने. कोड नीट चालतो का एवढं बघायला ठीक.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सीआयसी-आयडीएस २०१७ या डेटासेटवर. ३ ते ७ जुलै २०१७, सोमवार ते शुक्रवार अशी रहदारी. सोमवारी एकही हल्ला नाही, त्यामुळे 'नेहमीचं' कसं दिसतं हे शिकवायला तो दिवस फार उपयोगी. मूळ पीकॅप फायली (टिपलेली पॅकेटं जशीच्या तशी) मिळतात, आणि सुरिकाटासाठी त्याच लागतात. तयार सीएसव्ही तक्ते मात्र डोळे झाकून घेऊ नका. काही रकान्यांत 'इन्फिनिटी' आणि रिकाम्या किमती आहेत, एक रकाना चक्क दोनदा आलाय. शिवाय २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की पॅकेटांतून फ्लो (दोन यंत्रांमधल्या एका संवादाची नोंद) बनवणारं साधन टीसीपी जोडणी चुकीच्या जागी तोडत होतं आणि काही लेबलंही (हल्ला की साधी रहदारी हे सांगणाऱ्या खुणा) चुकली होती. दुरुस्त केलेली आवृत्ती उपलब्ध आहे, तीच घ्या. हार्टब्लीड या हल्ल्याच्या तर ११ च नोंदी आहेत; त्यावर काढलेल्या टक्केवारीला अर्थ नाही.

यूएनएसडब्ल्यू-एनबी१५ (२०१५) मध्ये हल्ल्यांचे नऊ प्रकार आहेत आणि मांडणी स्वच्छ आहे. पण त्यातला टीटीएलचा (पॅकेट किती टप्पे पार करू शकतं त्या आकड्याचा) रकाना आधी काढून बघा. तो एकटाच हल्ला आणि साधी रहदारी बऱ्याच अंशी वेगळी करतो, कारण दोन्ही वेगवेगळ्या यंत्रणांमधून तयार झालेल्या. हा रोग जुनाच आहे: लिंकन लॅबच्या १९९९ च्या डेटातही टीटीएलवरून हल्ले ओळखू येतात, हे २००३ मध्येच दाखवलं गेलं होतं. मॉडेल अशा वेळी हल्ला शिकत नाही, प्रयोगशाळेची ठेवण शिकतं. आयपी पत्ते आणि वेळेचे रकाने मी याच कारणासाठी काढून टाकतो. नोंदी सरमिसळ करून वाटण्याऐवजी दिवसांनुसार वाटतो, नाहीतर एकाच हल्ल्याचे लागोपाठचे फ्लो शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या दोन्ही भागांत जातात.

सीटीयू-१३ मला मनापासून आवडला. चेक तांत्रिक विद्यापीठाची २०११ ची खरी रहदारी, बॉटनेटचे (हल्लेखोराने ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याचे) १३ प्रसंग. यातलं 'पार्श्वभूमी' हे लेबल म्हणजे 'सामान्य' नव्हे. त्या रहदारीत काय आहे हे कुणी तपासून दिलेलं नाही. अनेक जण दोन्ही एकत्र करतात आणि मग खोट्या इशाऱ्यांचा हिशेबच बिघडतो. पार्श्वभूमीची संपूर्ण पॅकेटं गोपनीयतेपायी दिलेली नाहीत, म्हणून सुरिकाटासाठी हा अपुरा पडतो.

बॉट-आयओटी या डेटासेटात सात कोटींहून जास्त नोंदी, आणि सामान्य रहदारी दहा हजारांच्याही आत! तिथे ९९ टक्के अचूकता कुणालाही मिळते. खऱ्या नेटवर्कवर प्रमाण नेमकं उलटं असतं. रोजचे दहा लाख साधे फ्लो धरले तर ०.१ टक्का खोटे इशारे म्हणजे रोज हजार, आणि ते माणसाने बघायचे. हा आकडा मी नेहमी आधी काढतो, अचूकता नंतर.

सध्या मी एका डेटासेटवर शिकवून दुसऱ्यावर तपासतो. रकाने जुळत नसल्याने ते आधी अवघड जायचं, पण क्वीन्सलँड विद्यापीठाने यूएनएसडब्ल्यू-एनबी१५, बॉट-आयओटी वगैरेंच्या एकाच नेटफ्लो साच्यातल्या (फ्लो नोंदवायच्या ठरलेल्या पद्धतीतल्या) आवृत्त्या दिल्या आहेत. त्यांवर गुण चांगलेच घसरतात, आणि मी अहवालात तेच घसरलेले गुण लिहितो. खोट्या इशाऱ्यांसाठी मात्र आपल्याच नेटवर्कची, परवानगी घेऊन टिपलेली आठवड्याभराची रहदारी लागते.