पट्टीवर फोर्ड, चेसिस विलीसची

युद्धकाळातील जीप घेऊ पाहणाऱ्यांपैकी एखाद्याचे तरी पैसे वाचावेत, म्हणून हे लिहीत आहे. गेल्या वर्षी मी नाशिकमध्ये ‘१९४३ची अस्सल फोर्ड जीपीडब्ल्यू’ म्हणून एक गाडी साडेसहा लाखांना घेतली. डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणावर पितळी रंगाच्या तिन्ही पट्ट्या जागच्या जागी होत्या. त्यांतल्या एकीवर ‘ट्रक, पाव टन, फोर बाय फोर’ हे जीपचे लष्करी नाव, अनुक्रमांक आणि लष्कराच्या ताब्यात दिल्याची तारीख कोरलेली होती. आरसी बुक, पट्टी आणि चेसिस या तिन्हींवरचा क्रमांक एकच निघाला, तेव्हा मी तिथेच इसार दिला.

गाडी घरी आल्यावर ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींनी पुढच्या बंपरमागे हात घातला आणि म्हणाले, “साहेब, इथला आडवा दांडा गोल पाइपचा आहे. फोर्डला इथे चॅनेल असतो.” त्यांचे खरे होते. विलीस कंपनीची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू या दोन्ही जीप एकाच आराखड्यावर बनत, सुटे भाग एकमेकींना चालत, पण रेडिएटरखालचा तो क्रॉस मेंबर विलीसचा गोल आणि फोर्डचा उलट्या यू आकाराचा असे. फोर्डच्या बोल्टांवर असणारे ‘एफ’ अक्षरही जवळपास कुठे सापडले नाही. अर्थात लष्करी वर्कशॉपमध्येच दोन्हींचे भाग सर्रास मिसळले जात, त्यामुळे निव्वळ बोल्टांवरून मी कोणाला चोर ठरवले नसते.

फोर्डचा क्रमांक चेसिसच्या डाव्या लांब दांड्याच्या वरच्या अंगावर पंच केलेला असतो. माझ्या गाडीत तो तिथेच होता, पण रंग खरवडल्यावर खाली ग्राइंडरचे ओरखडे दिसले आणि शेवटचे दोन आकडे ओळ सोडून किंचित वर गेलेले होते. विलीसचा क्रमांक त्याच दांड्याच्या आतल्या बाजूला, बंपरच्या मागे, रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असे. तिथे भरलेली लांबी (पुट्टी) टोकरली तेव्हा रिव्हेटची भोके उघडी पडली. इंजिनाच्या क्रमांकाआधी ‘जे’ होते, म्हणजे इंजिन युद्धानंतरच्या नागरी सीजे-२ए जीपचे. खणावरच्या पट्ट्या तर नव्याच बनवलेल्या होत्या. तशा सहज विकत मिळतात आणि चार स्क्रू फिरवले की बसतात. मी ज्यांच्यावर विसंबलो ते कागद, मिस्त्रींच्या अंदाजाने, भंगारात गेलेल्या एखाद्या फोर्डचे असावेत.

विक्रेत्याने स्टॅम्प पेपरवरील ‘जशी आहे तशी’ या शब्दांकडे बोट दाखवले, पुढे फोन उचलणेही बंद केले. खोडलेला मूळ क्रमांक चोरीच्या गाडीचाही असू शकतो, हे वकिलांनी सांगितल्यावर मी नावावर करण्याचा आरटीओतील अर्ज मागे घेऊन पोलिसांत तक्रार दिली. पंचनाम्यापासून गाडी ठाण्याच्या आवारात ताडपत्रीखाली उभी आहे.