दांडिया बाजारातला रविवारचा वाचनवर्ग

तीन महिने जातेय. सध्या ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचा ‘युथिफ्रो’ हा संवाद चालू आहे. इ.स.पू. 399, प्लेटोच्या गुरूवर, सॉक्रेटिसवर, खटला भरलाय. कचेरीबाहेर त्याला युथिफ्रो भेटतो. वडिलांनी बांधून खड्ड्यात टाकलेला मजूर मेला, म्हणून सख्ख्या बापावरच फिर्याद घेऊन आलेला! सॉक्रेटिस विचारतो: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? दोन रविवार आम्ही तिथेच अडलो. घरी सासूबाईंशी सोवळ्यावरून नेहमी वाद व्हायचे. परवा मी नुसतं विचारलं, “आई, सोवळं म्हणजे नेमकं काय हो?” तासभर बोललो, न चिडता. शिकवणाऱ्या बाई उत्तर हातात देत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. झेरॉक्सची अक्षरं मात्र बारीक. ज्येष्ठांना त्रास होतो, मोठी करावीत.